गोठा, खळे आणि कणगी : दासगाव परिसरातील शेतवास्तूंचा अभ्यास व जतन

रायगड जिल्ह्याचा इतिहास शिकविताना शिक्षकाचे लक्ष प्रथम रायगड किल्ल्याकडे जाते, आणि ते योग्यच आहे. ज्या गडावर ६ जून १६७४ रोजी शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला तो आपल्याच महाड तालुक्यात आहे. सहलीस गेलेली मुले तेथे धान्यकोठाराचे अवशेष पाहतात. परंतु गडावरचे धान्य गडावर पिकत नव्हते. ते खाली सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांच्या खोऱ्यांतून पिकत होते, कोणाच्या तरी खळ्यावर झोडले जात होते आणि कोणाच्या तरी कणगीत साठविले जात होते. कोठाराचा दगड तीनशे वर्षांनंतरही दिसतो. त्या कणग्या मात्र केव्हाच मातीस मिळाल्या. इतिहासाचा हा दुसरा अर्धा भाग मुलांना कोठे दाखवावयाचा, असा प्रश्न पडल्यास त्याचे उत्तर फार दूर नाही. ते शाळेच्या शेजारच्या परसात, एखाद्या जुन्या गोठ्याच्या रूपाने अद्याप उभे असण्याचा संभव आहे. मात्र ते फार काळ उभे राहील असे नाही. म्हणून हा पाठ यंदाच घ्यावा.

१. दासगावची भूमी आणि तिच्या गरजा

महाडच्या अलीकडे, सावित्रीच्या काठी दासगाव वसलेले आहे. पाठीशी डोंगर, पुढे खाडीचे पात्र आणि या दोहोंच्या मध्ये भातशेतीची अरुंद पट्टी, अशी या गावाची ठेवण आहे. आज मुंबई–गोवा महामार्ग येथून जातो आणि कोकण रेल्वेचे वीर स्थानकही जवळच आहे. रस्ते व रेल्वे येण्यापूर्वी मात्र खाडी हाच येथला राजमार्ग होता. महाडच्या सत्याग्रहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर २५ डिसेंबर १९२७ रोजी जलमार्गाने येऊन दासगावलाच उतरले होते, हे शिक्षकांस ठाऊक असेलच. मुलांस सांगावे की, बंदर म्हणजे केवळ माणसांच्या येण्याजाण्याची जागा नव्हे. ज्या गावाला बंदर असते त्या गावाचा माल पाण्यावरून जातो व येतो.

या भागात वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, कित्येक वर्षी त्याहूनही अधिक पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मुख्य पीक भात. ते वर्षातून एकदा हाती येते आणि पुढील पिकापर्यंत पुरवावे लागते. अशा भूमीत शेतकऱ्यापुढे तीन प्रश्न उभे राहतात. चार महिने गुरे कोरड्यात कशी ठेवावीत? गुरांचा पेंढा कसा राखावा? आणि भात वर्षभर ओल, उंदीर व किडीपासून कसे वाचवावे? गोठा, उडवी आणि कणगी ही या तीन प्रश्नांची तीन उत्तरे होत. त्यांस केवळ "घराबाहेरची पडकी बांधकामे" समजणे म्हणजे उत्तरपत्रिका न वाचताच फेकून देण्यासारखे आहे.

नावांच्या बाबतीत एक सूचना करणे अवश्य आहे. याच वास्तूस कोणी गोठा म्हणतात, कोणी वाडा म्हणतात. दक्षिणेस सिंधुदुर्गाकडे घरापासून अलग असलेल्या अशा वास्तूस मांगर म्हणतात. पुस्तकातील शब्द बरोबर आणि घरातील शब्द चूक, असे मुलांस कधीही सांगू नये. घरी जो शब्द चालतो तो वहीत प्रथम लिहून घ्यावा.

२. गोठ्याची रचना

गोठ्याचे वाचन खालून वर करावे. कारण तो तसाच बांधला जातो.

प्रथम जोते. जेथे जांभा जवळ मिळतो तेथे जांभ्याचे, जेथे काळा दगड मिळतो तेथे काळ्या दगडाचे जोते रचलेले आढळते. त्याची उंची थोडी, पण कामाची असते. अंगणातील पाणी आत येऊ नये आणि भिंतीचा पाया भिजू नये, हे त्याचे कार्य. आतील जमीन एका बाजूस किंचित उतरती ठेवलेली असते. गुरांच्या पायांखालचे पाणी व मूत्र त्या उताराने चरीत आणि चरीतून उकिरड्यात जाते. हा उतार डोळ्यांना दिसत नाही. मुलांनी तांब्याभर पाणी ओतून पाहिले म्हणजे तो दिसतो. गुराचे खूर कोरडे राहतात आणि शेतास खत मिळते, अशी दोन्ही कामे त्या एका उताराने साधतात.

जोत्यावर खांब. जुन्या गोठ्यांत खांब बहुधा ऐन, किंजळ अथवा साग यांचे असतात. काही ठिकाणी वरच्या टोकास नैसर्गिक बेचके असलेला खांब निवडलेला दिसतो; त्यास मेढ म्हणतात. बेचक्यात आडवे लाकूड बसविले म्हणजे खिळ्याची गरज उरत नाही. खांब थेट मातीत न पुरता दगडावर टेकविलेला असेल, तर त्याचे कारण मुलांना विचारावे. वाळवी व ओल ही दोन्ही मातीतूनच वर चढतात, हे उत्तर त्यांना थोड्या विचारानंतर सापडते.

खांबांच्या मधली भिंत म्हणजे कूड. कारवीच्या काठ्या किंवा बांबूच्या चिवट्या उभ्या-आडव्या विणून त्यांवर माती व शेण यांचा लेप दिला की कूड तयार होतो. कारवी ही सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारी वनस्पती असून ती अनेक वर्षांच्या अंतराने, साधारणतः सात-आठ वर्षांनी एकदाच, सामुदायिकपणे फुलते आणि मग वाळते. कुडाची भिंत भार वाहत नाही. भार खांब वाहतात. म्हणून कूड फाटला तर तेवढाच भाग काढून नवा विणता येतो आणि छप्पर जागेवर राहते. कित्येक गोठ्यांत कूड वरपर्यंत नेलेला नसतो. वरची फट निष्काळजीपणाने राहिलेली नाही. गुरांच्या श्वासाची वाफ व शेणाचा उग्र वास तिच्यातून बाहेर जातो.

सर्वांत वर छप्पर. मधोमध आढे, त्यापासून दोन्ही बाजूंस उतरणारे वासे, वाशांवर आडव्या रिपा आणि रिपांवर आच्छादन. पूर्वी हे आच्छादन पेंढ्याचे वा गवताचे असे. पुढे कुंभाराने चाकावर केलेली नळीची कौले आली. मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून खाचेत खाच बसणारी सपाट मंगळुरी कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरत गेली. एकाच गोठ्यावर दोन प्रकारची कौले दिसली तर ती दोन पिढ्यांची सही समजावी. छपराचा उतार मोठा असतो व त्याची वळचण भिंतीच्या पुष्कळ पुढे येते. मातीची भिंत मुसळधार पावसात टिकते ती मातीच्या बळावर नव्हे, तर या वळचणीच्या आश्रयाने. पश्चिमेकडून येणारी झड अडविण्यासाठी पावसाळ्यापुरती पेंढ्याची अथवा झापांची आडोशी भिंत बांधण्याची रीतही याच हेतूने पडली आहे.

आत गव्हाण, खुंटे आणि दावण. वरती माळा असेल तर तेथे पेंढा. माळ्यावरचा पेंढा खाली गव्हाणीत पडतो, गव्हाणीतून गुराच्या पोटात, तेथून उकिरड्यात, उकिरड्यातून शेतात आणि शेतातून पुन्हा माळ्यावर जातो. हे चक्र मुलांकडून फळ्यावर काढून घ्यावे. विज्ञानाच्या पुस्तकात हेच चक्र पुढे मोठ्या शब्दांत येणार आहे.

३. खळे, उडवी आणि कणगी

खळे ही छप्पर नसलेली वास्तू आहे. म्हणून ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कापणीच्या सुमारास मोकळी, वाऱ्याची जागा पाहून ती खणून सपाट करतात, पाणी शिंपडतात, चोपण्याने चोपतात आणि शेणाने सारवतात. त्यावर भाताचे भारे फळीवर किंवा दगडावर आपटून झोडणी होते. खळे दरवर्षी नवे होते, परंतु जागा तीच राहते. गावातील खळ्यांच्या जागा नकाशावर मांडल्या तर वाऱ्याची दिशा आणि जुन्या वाटा आपोआप स्पष्ट होतात.

झोडणीनंतरचा पेंढा रचून जी रास करतात ती उडवी. तिचा माथा निमुळता असतो आणि पेंढ्याची टोके बाहेरच्या बाजूस उतरती असतात, म्हणजे प्रत्येक काडी पावसाच्या थेंबास बाहेरची वाट दाखविते. छपराचे शास्त्र येथे भिंतीवाचून उभे राहिलेले दिसते.

कणगी बांबूच्या कामट्यांची विणलेली असते. आतून-बाहेरून शेणमातीने लिंपून ती बंद करतात, तळाशी पेंढा घालतात आणि भात भरून तोंड लिंपून टाकतात. ती थेट जमिनीवर न ठेवता दगडांवर अथवा लाकडी चौकटीवर ठेवतात. खालून हवा खेळावी आणि उंदीर आल्यास दिसावा, असे दोन्ही हेतू त्यात आहेत. धान्यात निर्गुडीचा पाला घालण्याची चाल अनेक घरांत आहे. भातात ओल शेकडा चौदाच्या आत असली तर ते चांगले टिकते, असे आजचे कृषिशास्त्र सांगते. जुन्या माणसांजवळ मोजयंत्र नव्हते. ती दाणा दाताखाली धरून, त्याचा कटकन आवाज ऐकून भात भरावयाचे की आणखी वाळवावयाचे हे ठरवीत. याच भातासाठी पेंढ्याच्या गोल मुड्याही बांधल्या जात. कणगी घरी राहावयाची, मुडी प्रवासास निघावयाची.

४. कोणाची कोठी, कोणाचे धान्य

जुन्या वास्तूंचे वर्णन करताना केवळ कौतुकाचा सूर लावणे हे इतिहासाच्या शिक्षकास शोभणारे नाही. दक्षिण कुलाब्यात खोती पद्धती होती. कुळाने पिकविलेल्या भाताचा मोठा वाटा त्याच्या खळ्यावरून उचलून खोताच्या कोठीत जात असे. म्हणून एकाच गावात खोताची कोठी दगडी व ऐसपैस आणि कुळाची कणगी हातभर उंचीची, असा भेद दिसत असे. वास्तूचे आकारमान हे मेहनतीचे माप नव्हते, हक्काचे माप होते.

या अन्यायाविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा दीर्घ शेतकरी संप झाला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने ही पद्धती संपली आणि पुढे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवून कसणाऱ्यास जमिनीच्या मालकीचा मार्ग मोकळा केला. या दिवसानंतर बांधलेली कणगी आणि त्यापूर्वीची कणगी विणण्यात सारखीच असेल. पण तिच्यातील भाताचा मालक बदललेला आहे. घरातील वृद्धांस विचारून ही माहिती मुलांनी मिळवावी. पाठाचा हा भाग वगळला तर राहिलेला पाठ अपुरा होईल.

५. या वास्तू नाहीशा का होत आहेत

कारणे सरळ आहेत आणि ती शेतकऱ्याच्या दोषात मोडत नाहीत. नांगरणीस यंत्र आले व बैल कमी झाले. बैल नाहीत म्हणून गोठा रिकामा. घरातील तरुण मुंबईस अथवा महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामास गेले. म्हणून वैशाखात कौले चाळावयास माणूस नाही. वानरे छपरांवर उड्या मारून कौले फोडतात. कूड विणणारे, कणगी विणणारे हात म्हातारे झाले. अशा स्थितीत एखादा गृहस्थ म्हणतो, "गुरुजी, पत्रा घातला की दरसालची शाकारणी सुटते." त्याचे म्हणणे खोटे नाही. त्याला उपदेश करण्यापूर्वी शिक्षकाने ते मान्य करावे.

मात्र त्यास दोन गोष्टी सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. पत्रा उन्हात तापतो. त्याखालची गुरे वैशाखात धापा टाकतात आणि थंडीत पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूस दव जमून पेंढ्यावर ठिबकते. दुसरी गोष्ट अशी की, गोठा रिकामा झाला म्हणजे निरुपयोगी झाला असे नाही. अवजारे, सरपण, बियाणे, शेळ्या, कोंबड्या यांना तो तितकाच कोरडा आसरा देतो. जी वास्तू वापरात असते तिची गळती त्याच दिवशी ध्यानात येते. जी बंद असते तिची गळती वासा कुजल्यावर ध्यानात येते.

६. जतन म्हणजे काय

पन्हाळगडावरील अंबरखान्यात गंगा, यमुना व सरस्वती या नावांची प्रचंड धान्यकोठारे आजही उभी आहेत. ती दगडाची आहेत आणि त्यांचे संरक्षण शासन करते. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वास्तूंच्या संरक्षणाची तरतूद आहे. परंतु ती राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंसाठी आहे. शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत असा कायदा सहसा पोहोचत नाही. परदेशात मात्र याचे एक बोलके उदाहरण आहे. स्पेन देशाच्या गालिसिया व आस्तुरियास या पावसाळी प्रांतांत शेतकऱ्यांची धान्यकोठारे दगडी वा लाकडी पायांवर उचललेली असतात आणि प्रत्येक पायावर एक रुंद सपाट दगड बसविलेला असतो, त्यामुळे उंदरास वर चढता येत नाही. त्यांस तेथे ओरेओ म्हणतात. १९७३ साली तेथील शासनाने हुकूम काढून जुन्या ओरेओंना संरक्षण दिले. पुष्कळ पावसाच्या देशातील शेतकऱ्याने आपल्याप्रमाणेच धान्य जमिनीपासून उचलले, आणि पुढे त्या देशाने ती साधी वास्तू ठेवा मानली, हे दोन्ही मुद्दे मुलांपुढे ठेवावेत.

आपल्याकडील कणगी व कूड दगडाचे नाहीत, ही गोष्ट जतनाचा विचार करताना विसरू नये. ते मुळात नव्याने करण्यासाठीच केलेले आहेत. दर काही वर्षांनी कूड विणावा, दरवर्षी सारवावे, दर वैशाखात शाकारावे, ही त्यांची जगण्याची रीत आहे. म्हणून येथे जतन याचा अर्थ वस्तू कुलपात ठेवणे असा नसून तिची निगा राखण्याची विद्या चालू ठेवणे असा आहे. कणगी गेली तर नवी विणता येईल. विणणे गेले तर ती परत येणार नाही.

दुरुस्तीचा क्रम पुढीलप्रमाणे असावा.

(१) प्रथम छप्पर. फुटलेली कौले बदलावीत, सरकलेली बसवावीत. छप्पर गळत असताना भिंत लिंपणे हा खर्च वाया जातो.

(२) मग पाण्याची वाट. जोत्याभोवतीची चर मोकळी करावी. पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर पडते की नाही, हे पहिल्या सरीत उभे राहून पाहावे.

(३) मग लाकूड. खांबाचा पाय कुजला असल्यास सबंध खांब न काढता कुजका भाग कापून खाली दगड वा नवे लाकूड द्यावे. हे काम जाणत्या सुतारानेच करावे.

(४) सर्वांत शेवटी कूड व लिंपण. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नये. सिमेंट मातीतील ओल बाहेर जाऊ देत नाही. आत साचलेल्या ओलीने माती ढिली होते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. मातीस मातीचा व शेणाचाच लेप द्यावा.

(५) बांबू पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडावा आणि काही काळ पाण्यात बुडवून ठेवावा. त्यातील पिष्ट पदार्थ कमी झाल्याने भुंगेरा कमी लागतो. स्वयंपाकाच्या धुराखाली ठेवलेला बांबू अधिक टिकतो, हा अनुभवही याच कारणाशी जुळतो : किडीस धूर मानवत नाही.

निगेचे वर्ष असे मांडता येईल : वैशाखात शाकारणी, ज्येष्ठात चरी, आषाढ-श्रावणात गळतीवर नजर, आश्विनात खळे व कणगीचे सारवण, वसुबारसेस गोठ्याची स्वच्छता, पौष-माघात बांबूची तोड. मुलांनी हे कोष्टक आपल्या वर्गाच्या भिंतीवर लावावे.

७. सावधगिरी

जुलै २००५ मध्ये अतिवृष्टीने महाड तालुक्यात दरडी कोसळल्या. दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते या गावांतील कित्येकांचे प्राण गेले आणि घरेदारे, गोठे मातीखाली गेले. २२ जुलै २०२१ रोजी याच तालुक्यातील तळिये येथे पुन्हा तसाच प्रसंग ओढवला आणि महाड शहर पुराखाली गेले. ज्या शाळेत हा पाठ घेतला जाईल तेथील काही घरांत ही स्मृती ताजी असेल. शिक्षकाने तिचा उल्लेख आदराने व थोडक्यात करावा. मुलांकडून वर्णने काढून घेऊ नयेत.

या घटनांतून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. "जुने आहे म्हणजे जागा सुरक्षित आहे" असा समज धरू नये. शासनाने दरडप्रवण ठरविलेल्या उतारावरील वास्तू कितीही सुंदर असली तरी तेथे माणूस वा गुरे राहावीत असा आग्रह कोणी धरू नये. माणूस प्रथम, वास्तू नंतर. दुसरी गोष्ट अशी की, जे मातीखाली गेले त्याचे माप आता कोणास घेता येत नाही. म्हणून जे उभे आहे त्याचे माप, चित्र व नावे आजच लिहून ठेवणे, हे शाळेच्या आवाक्यातील जतन आहे. त्यास पैसा लागत नाही.

निरीक्षणास नेताना घरमालकाची परवानगी आधी घ्यावी. मोडकळीस आलेल्या छपराखाली मुलांना जाऊ देऊ नये. माप बाहेरून घ्यावे. माळ्यावर कोणी चढू नये. पेंढ्यात व दगडांच्या फटींत साप-विंचू असतात, याची जाणीव द्यावी. पावसाळ्यात हा पाठ वर्गातच घ्यावा. निरीक्षण कार्तिकानंतर करावे.

८. पाठाचा आराखडा

इयत्ता चौथी व पाचवीसाठी हा पाठ तीन तासिकांत घेता येतो.

पहिली तासिका, वर्गात. फळ्यावर गोठ्याचा उभा छेद काढावा. जोते, खांब, कूड, आढे, वासे, रिपा, वळचण, गव्हाण ही नावे मुलांकडून काढून घ्यावीत. घरचा शब्द निराळा असल्यास त्याच्या शेजारी लिहावा.

दुसरी तासिका, जागेवर. चार-चार मुलांचे गट करावेत. एका गटाने लांबी-रुंदी-उंची मोजावी, दुसऱ्याने चित्र काढावे, तिसऱ्याने साहित्याची यादी करावी, चौथ्याने घरातील वडीलधाऱ्यांशी बोलावे. प्रश्न नम्र व थोडे असावेत : "आजी, ही कणगी कोणी विणली?" "आजोबा, हा गोठा तुमच्या लहानपणी होता का?" "छपरावर पूर्वी काय होते?" "येथे किती गुरे असत?" उत्तर आजी ज्या शब्दांत देतील त्याच शब्दांत लिहावे, शुद्ध करू नये.

तिसरी तासिका, गणिताची. समजा, एका कणगीचा घेर ३.१४ मीटर आहे आणि उंची १.५ मीटर. घेरावरून व्यास १ मीटर, म्हणून त्रिज्या अर्धा मीटर. तळाचे क्षेत्रफळ सुमारे ०.७८५ चौरस मीटर आणि घनफळ सुमारे १.१८ घनमीटर. एका घनमीटरात सुमारे ५७५ किलो भात मावते असे धरल्यास या कणगीत पावणेसात क्विंटलच्या आसपास भात मावेल. कांडल्यावर त्याचे दोनतृतीयांश म्हणजे सुमारे ४५० किलो तांदूळ. पाच माणसांच्या घरात माणशी रोज पाव किलो धरल्यास रोज सव्वा किलो तांदूळ लागतो. तेव्हा हा साठा ३६० दिवस पुरेल. घेराचे व घनफळाचे सूत्र लहान मुलांस जड वाटल्यास ते शिक्षकाने स्वतः करून द्यावे. शेवटचा भागाकार मात्र मुलांनीच करावा. कणगीचा आकार घरातील तोंडांच्या संख्येवरून ठरत होता, हे उत्तर त्यांच्या हातून निघू द्यावे. ते निघाल्यावर वर्गात जो क्षणभर शांतपणा येतो तोच या पाठाचा खरा हेतू आहे.

९. स्वाध्याय व शाळेचे काम

(१) आपल्या वाडीतील प्रत्येक जुन्या गोठ्यासाठी एक पान करा. जागा, माप, साहित्य, अंदाजे वय, आजचा उपयोग आणि एक चित्र त्यात असावे.

(२) गोठा, खळे, कणगी यांच्याशी संबंधित असे निदान पंचवीस शब्द घरून जमवा.

(३) कौल, पत्रा आणि पेंढा यांखाली दुपारी दोन वाजता उष्णतामापकाने तापमान मोजा व तुलना करा.

(४) तुमच्या घरात कणगी नसल्यास धान्य आज कशात साठवितात ते लिहा. त्यात ओल व उंदीर यांपासून बचाव कसा होतो?

(५) गावात कूड वा कणगी विणणारी व्यक्ती असल्यास तिला शाळेत सन्मानाने बोलवा आणि एक हात लांबीचा तुकडा तिच्याकडून शिकून विणा.

हे कागद एका जाड वहीत शिवून शाळेच्या दप्तरी ठेवावेत आणि दरवर्षी पुढील वर्गाने त्यात भर घालावी. पाच वर्षांनी तीच वही गावाचा अस्सल दस्तऐवज होईल. कोणता गोठा पडला, कोणावर पत्रा आला, कोणाची शाकारणी पुन्हा सुरू झाली, हे तिच्यातून कळेल. कणगी विणावयास आलेल्या व्यक्तीस तिच्या श्रमाचा मोबदला मिळेल, अशी तजवीज शाळा व्यवस्थापन समितीने करावी. विद्येचा सन्मान केवळ नारळाने होत नाही.

सर्व गोठे वाचणार नाहीत, आणि सर्व वाचलेच पाहिजेत असेही नाही. परंतु दासगावच्या मुलाने शाळा सोडताना आपल्या आजोबांच्या गोठ्याचे माप हातात घेऊन जावे आणि त्या छपराचा उतार तेवढाच का होता हे त्याला सांगता यावे, एवढे तर शिक्षकाच्या हाती आहे. पुढे तो मुंबईस जावो वा गावी राहो. पहिल्या पावसाच्या आधी घराचे छप्पर एकदा पाहून घ्यावे, ही सवय त्याच्याबरोबर राहील.